परक्या जयाची गुढी

फा. व. ९, तलवाडा

तहसिलीचा चपराशी हुकूम घेऊन आला. इंग्रजांनी तुर्कांकडून बगदाद घेतलं. पाडव्याला घरोघर गुढी उभारायची, ती या जयाची. पाटील म्हणून दवंडी मीच पिटवायची. हुकुमात लिहिलंय, तिथली रयत जुलमातून सोडवली. सोडवायला निघाले की हे बरोबर तोफा नेतात. वाचून तोंड कडू झालं.

थोरला भाऊ आबा त्याच मुलखात, खच्चरांच्या पलटणीत. घोड्या-खच्चरांच्या नादानं गेला. गेल्या उन्हाळ्यापासून खबर नाही. वहिनीला हुकुमाचं अजून सांगितलं नाही.

फा. व. १२

सिरसाळ्याहून आलो. आबाबरोबरचा हसन परत आलाय कळलं म्हणून गेलतो. तुर्कांच्या वेढ्यात दोघं अडकले होते. हसन आजारी, म्हणून कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. ओळखू येत नाही.

म्हणाला, "जमिनीतून घासलेट निघतंय तिथं, पाटील. कोस कोस नळ टाकलेत. आमी त्या नळाचे राखणदार."

मग बगदाद कशाला, मी विचारलं.

"नळ राखायला गाव पायजे. गाव राखायला म्होरलं गाव. सायबाला थांबताच येत न्हाई."

आबाचं मी न विचारता त्यानंच सांगितलं. दाणा संपला तेव्हा खच्चरं कापून खाल्ली. "आबानं तोंडाला न्हाई लावलं. हातानं वाढवलेली जनावरं. मी सुटलो तवा जिता होता, पर लई वाळला होता." बाकीच्यांना धरून वाळवंटात नेलं म्हणे.

वाटेत भाकरी सोडली, खाववली नाही.

फा. व. १४

वहिनीला सांगितलं, खच्चरांचं सोडून. म्हणालो, गुढी उभारायची नाही. घासलेटाच्या नळापायी मिळवलेला जय, त्याला मी कडुलिंब बांधू?

वहिनी चुलीपुढून उठली नाही. "भावजी, वरसात मानूस गेलेल्या घरी गुढी नसती. आपल्या दारी न्हाई दिसली तर गाव काय समजंल? मी कुकू पुसू व्हय?"

हुकूम मोडायची एवढी खुमखुमी होती मला. ती जिरली.

चै. शु. १, पाडवा

उभारली. गुढीला साडी लावतात. वहिनीनं पेटीतून आबाचं कोरं धोतर काढलं. घडी मोडली तर कोपऱ्यावर विलायती गिरणीचा शिक्का. कापूस आमच्याच काळ्या रानातला असेल, समुद्र ओलांडून धोतर होऊन आला. इंग्रज इथला कापूस नेतात, तिथलं घासलेट, आणि वर आमची रयत अडाणी म्हणून हे तिचे मायबाप. शिक्का आत दुमडला.

तहसिलीचा तपासणी अंमलदार, गिरदावर, घोड्यावरून पाहणीला आला. आमच्या दारी थांबला. "शाबास पाटील. घरचा माणूस लढाईवर, तरी गावात सगळ्यांत उंच गुढी." मी हात जोडले. माझ्याच हातांची किळस आली.

दिवस मावळायच्या आत उतरवायला गेलो, तर वहिनीनं काठी धरली. "ते घरी येऊन उतरवतील."

चै. शु. २

गुढी तशीच. मावळतीनंतर गुढी दारी ठेवणं अशुभ, हे वहिनीला मी सांगायला हवं का? म्हाताऱ्याकोताऱ्या येऊन समजावून गेल्या. तिनं सगळ्यांना गूळपाणी दिलं, ऐकलं कुणाचंच नाही.

चै. शु. ४

चपराशी पाटोद्याकडून परतताना थांबला. हसत होता. गिरदावर गावोगाव सांगतोय, तलवाड्याचा पाटील बघा, सरकारच्या जयाची गुढी अजून उतरवत नाही. असे इमानदार लोक पाहिजेत म्हणे. चपराशी गेल्यावर ओट्यावरून थुंकलो.

तडक उठून काठीला हात घातला. उतरवली तर आबा गेला. ठेवली तर मी त्यांचा इमानदार. वहिनी उंबऱ्यात उभी होती. कपाळाचं कुंकू ताजं होतं.

दुपारच्या वाऱ्यानं काठी कलली होती. दोरी आवळली आणि आत आलो.