पाच बटणांचा रिमोट

४ नोव्हेंबर, सोमवार

पहिला खोका परत केला. मीडिया प्लेयर म्हणे! तळहाताएवढी काळी डबी. टीव्हीला जोडायची, लेकीने सिनेमे भरून दिलेली हार्ड डिस्क तिला लावायची, बस. एवढंही धड जमत नाही — अर्ध्या तासात तापून इस्त्री झाली. लाल चिठ्ठी बांधली. नापास. कारण : उष्णता.

दुकानदार चिठ्ठी उलटीसुलटी करत म्हणाला, "हे काय, साहेब?" म्हटलं, तीस वर्षं कारखान्यात पंप तपासतोय. नापास मालाला चिठ्ठी लागते आणि तिच्यावर कारण लागतं. बायको दुकानाबाहेरच उभी होती. आत यायची लाज वाटते म्हणे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

जुना प्लेयर बंद पडून नऊ दिवस झाले. लेक नोकरीला परगावी गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र बसायचो ते तेवढंच — जेवणं झाली की अर्धा सिनेमा, उरलेला दुसऱ्या दिवशी. ना बोलणं, ना भांडण. आता ती स्वयंपाकघरात लेकीशी फोनवर कुजबुजते. मी पाणी प्यायला गेलो की फोन बंद. मी काय चोर आहे? लवकर काहीतरी घ्यायला हवं, नाहीतर एकत्र बसण्याची सवयच मोडेल. मला ते नको आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा खोका — मराठी उपशीर्षकांच्या जागी नुसते चौकोन. तिसरा — समोरचा निळा दिवा थेट डोळ्यांत. दोन्हींना लाल.

ती म्हणाली, "दिव्यावर पट्टी चिकटवा की." पट्टी! म्हणजे दोष झाकायचा आणि माल पुढे ढकलायचा. हिचं सगळं असंच.

९ नोव्हेंबर, शनिवार

मला न विचारता स्वतःच एक घेऊन आली. रिमोटला मोजून पाच बटणं. लहान मुलाचं खेळणं! म्हटलं, आवाज कमी-जास्त, भाषा, चित्राचा आकार, हे सगळं कुठे आहे? तर म्हणाली, "तुम्हाला एकट्याला लावता आला पाहिजे."

मला! पंप बिघडलाय की नाही हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो, आणि ही मला बटणं मोजून देणार. डोक्यात तिडीक गेली. जेवलो नाही.

जिथे थांबवलं तिथूनच सिनेमा पुढे सुरू होतो, असंही सांगत होती. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१० नोव्हेंबर, रविवार

मेहुणी आणि साडू चहाला आले होते. साडूने विचारलं, नवीन खोका कसा आहे? मी उठलो, चिठ्ठी लिहिली आणि सगळ्यांसमोर बांधली. नापास. कारण : निवडणाऱ्याला अक्कल नाही.

साडू पोट धरून हसला. मेहुणी नाही हसली. बायकोने कप गोळा केले आणि आत गेली. अर्धे भरलेलेही नेले.

विनोद होता. घरात चिठ्ठ्या काय आज बांधतोय? मिक्सरला बांधली, छत्रीला बांधली. तिने विणलेल्या स्वेटरलाही बांधली होती — उजवी बाही अर्धा इंच लांब. होतीच लांब!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

अबोला. भाजीत मीठ नाही. मागितलंही नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

हिला दाखवून द्यायचं म्हणून मोठा प्लेयर आणला. रिमोटला चाळीस बटणं. दीड तास खटपट केली, पडद्यावर काळोख. ती पेपर वाचत बसली होती, एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. शेवटी मुकाट्याने पेटीत भरून ठेवला.

चिठ्ठी बांधली नाही. संपल्या होत्या — खोटं. गठ्ठा समोरच होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

अबोला तिनेच मोडला. पाच बटणांचा खोका टीव्हीला जोडला, रिमोट माझ्या हातात दिला. "मी घरात नाही असं समजा आणि लावून दाखवा." परीक्षाच! एकदा नाही, तीन वेळा लावायला लावलं. डिस्क काढायची कशी, परत घालायची कशी, सगळं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "जमेल तुम्हाला." राग गिळला.

मग विचारलं, "हिरवी चिठ्ठी असेल का एखादी?" खणात हिरव्यांचा गठ्ठा होता, वरचं रबरसुद्धा कधी काढलेलं नाही. घरात लागलीच नाही कधी. दिली एक. जिंकली ना, मिरवायला हवी असेल.

नंतर अर्धा सिनेमा पाहिला, दोघांनी. चित्र स्वच्छ, आवाज चांगला, खोका गार. तिला सांगितलं नाही. उरलेला अर्धा उद्या. उद्या सांगेन.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कारखान्यातून तासभर लवकर निघालो. दाराला कुलूप. तिच्या कपाटात नुसते हँगर.

लेकीला फोन लावला. म्हणाली, "बाबा, आई पोचली माझ्याकडे. आता ती इथेच राहणार आहे. तिला आत्ता बोलायचं नाहीये."

खोका जोडलेला आहे. रिमोटला हिरवी चिठ्ठी बांधली आहे, तिच्या अक्षरात. पास. कारण : एकट्या माणसाला चालवता येतो.