मशीनची खबरबात

प्रिय सूनबाई,

तुझा निरोप यांनी मला वाचून दाखवला, मग मी स्वतः पुन्हा वाचला. 'घर गरम करायचं मशीन अजून माझ्या फोनला जोडलेलं आहे, बंद पडलं की मला कळतं, घरात किती गरम आहे तेही दिसतं, आता मला ते बघायचं नाही, मेकॅनिकला सांगून मशीनवरून माझा फोन काढून टाका.' एवढंच. ठीक आहे. घटस्फोट होऊन वर्ष उलटलं, तू दुसऱ्या गावी गेलीस, नोकरी धरलीस. आमच्या चिरंजीवांनी दुसरा संसार मांडायचा आणि तू आमच्या घराचं तापमान बघत बसायचं, हा कुठला न्याय? माझं काही म्हणणं नव्हतं. यांचं होतं. म्हणाले, 'तिची आणि आपली एवढी एकच गाठ उरलीय, तीही सोडायची?' मी म्हटलं, तिने मारलेली गाठ आहे, तिला सोडायची तर सोडू दे. त्यावर दिवसभर तोंड फुगवून बसले.

हे मशीन या घरात आणलंस तू. तेलाचा बॉयलर काढून टाकायचा आणि बाहेरच्या गार हवेतून घर गरम करायचं म्हटल्यावर मी तुला तोंडावर सांगितलं होतं की दुकानदाराने तुला टोपी घातली. पहिल्या हिवाळ्यात पाय गरम राहिले तेव्हा मी गप्प बसले. मी कौतुक करत नाही हे तुला माहीत आहे, गप्प बसले की समजायचं. तू गेल्यावरसुद्धा कधी मशीन अडलं तर आम्हाला कळायच्या आधी तुझा फोन यायचा. आई, जिन्याखाली जा, बटण दाबून धरा, लाल दिवा विझेपर्यंत सोडू नका. मी दाबून धरायची, दिवा विझायचा, तू फोन ठेवायचीस. त्यामुळे झालं काय, की या घरात मशीन कळणारं कोणी उरलंच नाही.

तुझा निरोप आला त्याच आठवड्यात थंडी पडली. ओली, चिकट थंडी, धुकं अंगणातून हलेना. आणि मशीन अडायला लागलं. सकाळी चालू करावं, दुपारी बंद. बाहेर जाऊन बघते तर मशीनच्या अंगणातल्या डब्याची पंख्यामागची सगळी जाळी बर्फाने लिंपलेली. यांनी काय करावं? जन्मभर बस चालवलेला माणूस. थंडीत रेडिएटरवर पोतं टाकलं की इंजिन लवकर तापतं, हे यांच्या हाडात मुरलेलं. माळ्यावरची जुनी रजई काढली, बाहेरच्या डब्याला चारी बाजूंनी गुंडाळली आणि वरून दोरी बांधली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अंगणात कोणी पाहुणा उकिडवा बसलाय आणि त्याला घरात घ्यायला कोणी तयार नाही. त्या मशीनचं सगळं काम हवा ओढण्यावर, आणि यांनी त्याचं नाकच दाबलं. उरलासुरला जीव गेला. मग रजई सोडून यांनी उलथन्याने बर्फ खरवडला. बर्फ निघाला, पण जाळीच्या पातळ पट्ट्याही आडव्या झाल्या. मी ओरडले तर म्हणतात, 'मग तू करून दाखव.' मी किटलीभर उकळतं पाणी ओतलं. ते वाहत पायरीवर आलं, तिथे गोठलं, आणि पोस्टमन सपशेल आडवा. लागलं नाही त्याला. पण जे शब्द त्याने काढले ते मी इथे लिहीत नाही.

तोवर घरात कोट घालून जेवायची पाळी आली. हे फोन समोर मांडून बसलेले. मशीन बंद आहे हे तिला दिसतंय, ती फोन करेलच, असं यांचं चाललेलं. तू केला नाहीस. बरं केलंस. मग म्हणाले, आपण लावू. मी फोन उचलून एप्रनच्या खिशात घातला आणि लाँड्रीत कामाला घेऊन गेले. सांगून गेले की तिने नको म्हटलंय, आता मशीनच्या नावाखाली तिच्या दारात जायचं नाही.

शेवटी मेकॅनिक बोलावला. जाडजूड माणूस, वाकला की धापा टाकतो, पण तोंडाचा पट्टा थांबत नाही. आधी बाहेरचा डबा बघितला आणि विचारलं, 'याचं कुठल्या मांजराशी भांडण झालं?' हे आभाळाकडे बघायला लागले. त्याने पिशवीतून बारीक दातांचा कंगवा काढला आणि वाकलेली एकेक पट्टी विंचरून सरळ केली. मशीनची वेणीफणी मी पहिल्यांदाच बघितली. मग जिन्याखाली येऊन पाण्याच्या नळीतली गाळणी उघडली, काळा गाळ निघाला, ती धुऊन बसवली. प्रेशरचा काटा ठीक होता. तरी त्याचं समाधान होईना. भिंतीवरच्या गरम पाण्याच्या रेडिएटरना हात लावत खोल्या फिरायला लागला. वरच्या मजल्यावर गेला आणि तिथूनच ओरडला, 'इथं कोणी मेलंय काय, एवढं गार?' मी खालून ओरडले, मेलं नाही कोणी, राहत नाही कोणी.

तुमच्या खोलीतला पलंग आणि कपाट चिरंजीव उन्हाळ्यात टेम्पो आणून घेऊन गेले. तेव्हा मी वरचे सगळे रेडिएटर बंद केले. नुसत्या भिंती कशाला तापवायच्या? बॉयलर होता तेव्हा आपण हेच करायचो. मेकॅनिक म्हणाला, बॉयलरची गोष्ट निराळी, याला पाणी फिरवायला मोकळं घर लागतं. ओल्या थंडीत बाहेरच्या जाळीवर बर्फ धरणारच. तो धरला की मशीन थोडा वेळ उलटं चालतं आणि घरातल्याच गरम पाण्यातली उष्णता घेऊन बर्फ वितळवतं. तुम्ही निम्मं घर बंद केलं, मग त्याने घ्यायचं कुठून? मी विचारलं, म्हणजे रिकामी खोली गरम ठेवायची? 'ठेवायची.' मी म्हटलं, हे काही मला पटत नाही. मग मला काय काय पटत नाही ते सगळं सांगितलं. तो जिन्यात बसून दम खात ऐकत राहिला. माझं संपल्यावर उठला आणि वरच्या रेडिएटरच्या सगळ्या चाव्या उघडून आला. थोड्या वेळाने बाहेर वाफेचा लोट उठला, खालून पाण्याची धार लागली, आणि वाफ विरली तेव्हा जाळी स्वच्छ. मी गप्प बसले.

मला वाटलं झालं काम. तर हा जिन्याखालच्या स्क्रीनसमोर उभा राहून डोकं खाजवतोय. म्हणाला, 'या मशीनला बाहेर किती गार आहे हे नीट कळतच नाही.' बाहेरची थंडी मोजायला भिंतीवर शेंगेएवढं काहीतरी बसवलंय ना, ते स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या नेमकं तोंडाशी. मी कढई चढवली की त्याला वाटतं उन्हाळा आला, आणि ते घरातलं पाणी कोमट करून ठेवतं. मेकॅनिकने विचारलं, मग मागचा हिवाळा कसा गेला तुमचा? मी म्हटलं, छान गेला. 'जाऊच शकत नाही,' म्हणाला. बटणं दाबत राहिला आणि एकदम थांबला. 'अच्छा. थंडी वाढली की कोणीतरी फोनवरून पाणी गरम करून ठेवायचं. उतरली की पुन्हा खाली. अख्खा हिवाळा. इथं एका बाईंचं नाव दिसतंय, ही बाई कंपनीत आहे का हो?' मी म्हटलं, नाही, चष्म्याच्या दुकानात आहे.

मागचा हिवाळा म्हणजे तू हे घर सोडल्यानंतरचा. मी समजत होते मशीन हुशार आहे. शेजारणीला तसं ऐकवलंही होतं, की आमच्या मशीनला थंडीची चाहूल आदल्या दिवशी लागते. एका शब्दाने बोलली नाहीस. मी तुला विचारणार नाही का ते. ज्याचं त्याला माहीत.

मेकॅनिकने ती शेंग उचलून मागच्या सावलीतल्या भिंतीवर लावली. म्हणाला, आता कोणी हात लावायची गरज नाही, मशीन आपलं आपण बघेल. मग विचारलं, 'या बाईंचा फोन?' हे म्हणाले, आमची सून आहे. मी म्हटलं, होती. तो एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, 'ते तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, काढू का ठेवू? एकदा काढला की पुन्हा जोडायला त्या बाईच इथे हव्यात.' हे म्हणाले, ठेवा. मी म्हटलं, काढ. हे उठून अंगणात गेले आणि कारण नसताना ती रजई झटकत राहिले. तू सांगितलंस ते झालं, तुझा फोन निघाला. मेकॅनिक म्हणाला, मुलाचा जोडू का? मी म्हटलं, माझा जोड.

तर आता ते सगळं मला दिसतं. लाँड्रीत चादरींच्या घड्या घालताना फोन गल्ल्याशेजारी उभा करून ठेवते. खालचा मजला एकवीस, वरचा वीस, मशीन चालू. आकडा उतरला की समजायचं यांनी मागचं दार उघडं टाकलंय. लगेच फोन करून झापते. हे म्हणतात, 'एक गेली तर दुसरी बसली पहाऱ्याला.' काल इस्त्रीवाली म्हणाली, त्यात एवढं काय आहे सारखं बघण्यासारखं? खरं म्हणजे काहीच नाही. हे खोकतायत का, जेवले का, ते त्यात कळत नाही. घर गरम आहे एवढंच कळतं. पण तेवढं बघितल्याशिवाय हातातलं काम सुधरत नाही. मग तुला ते का बघायचं नव्हतं, तेही समजलं.

हे पत्र मशीनपायी लिहिलेलं नाही. मशीन ठीक आहे, आणि उद्या मोडून पडलं तरी तुला कळवणार नाही. लिहिलं ते यासाठी की तू तिकडे कशी राहतेस हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. खोली तळाला आहे का वर, खिडकी घट्ट लागते का, हीटर नावाचं काही आहे का नाही. असा आकडा तुझ्या घराचा कुठल्याच फोनवर दिसत नाही. फोन केला तर 'बरं आहे' म्हणून ठेवशील, म्हणून कागद घेतला. घरचा पत्ता नाही, म्हणून दुकानाच्या पत्त्यावर टाकते. मालकाने फोडलं तर फोडू दे. तुझा पत्ता पाठव. मी एकटी येईन. यांना आणणार नाही, रडतात. चिरंजीवांचं नाव काढणार नाही. चहा दिलास तर घेईन, खोली हाताने चाचपून बघेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मी यायला नको असेल तर तसं स्पष्ट लिही, मला राग येणार नाही. मग खोलीत किती गरम असतं, नुसता तो आकडा लिहून पाठव. खरा लिही.

तुझीच,
आई