पासवर्डापुरती याडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

लॅपटॉप आला. कुरियरवाला खोका घेऊन केंद्राच्या दारात उभा, वर नाव माझं. अज्जूनं पुण्याहून पाठवलाय. जुना संगणक दिवाळीपासून घरघरत होता, परवा एकदाचा गेला. म्हटलं, लेकराला आईच्या कामाची काळजी आहे. अर्ध्या कुरुंदा गावाचे सातबारे, पीकविम्याचे अर्ज, आधारकार्डं, सगळं माझ्या सेवा केंद्रात, म्हणजे आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. त्याला नवं यंत्र हवंच होतं. दुपारभर कौतुकानं पुसत बसले.

संध्याकाळी हे डेपोतून आले. खाकी शर्टसुद्धा काढला नाही. "आला का? गेम टाकली का?"

म्हणजे ह्यांना आधीच माहीत! बाप-लेकाचं ठरलेलं. खोक्यावर नाव आईचं, आत खेळणं बापाचं.

४ फेब्रु.

ट्रकची गेम, जुन्या संगणकावर खेळायचे तीच. इंटरनेटवरून खेळायची. अज्जू तिकडे, हे इकडे, दोघांचे ट्रक एकाच रस्त्यावर. माल भरायचा, दूरच्या गावाला न्यायचा, आणि सगळा वेळ कानाला हेडफोन लावून माइकवरून गप्पा. दिवसभर वसमत-हिंगोली एसटी चालवून ह्या माणसाचं स्टिअरिंगनं पोट भरत नाही.

ताफ्याला नाव दिलंय 'तांडा'. ह्यांचे आजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले, तर हे आता नायक, म्हणजे तांड्याचे म्होरके. पुढचा ट्रक ह्यांचा.

मला काय, रविवारचा फोन. जेवलीस का, जेवले. बरी आहेस का, बरी आहे. ठेवू का, ठेव. झालं. त्याला ताप आला होता ते मला कधी कळलं, तो बरा होऊन कामावर गेल्यावर. खोली बदलली तेही ह्यांच्याकडून. वर, "तुला बोललो न्हाई का मी?" नाही बोललात.

जळते का मी? जळते. इथे लिहायला कसली लाज.

नव्या लॅपटॉपवर गेम चाललीच नाही. उघडली, काळी झाली, मिटली. देवाशप्पथ, बरं वाटलं.

५ फेब्रु.

कारण सापडलं. गेम जुनी आहे. खेळ कुठवर आला, डिझेल किती उरलं, ते ती सी ड्राइव्हवर, सगळे प्रोग्राम राहतात त्या फोल्डरमध्येच लिहून ठेवायला बघते. नवी सिस्टिम साध्या खात्याला तिथे लिहू देत नाही. बराबरच आहे तिचं. ह्यांना मी साधंच खातं करून दिलंय. मालकिणीचं खातं माझं, पासवर्ड माझा.

ह्यांनी कंडक्टरला विचारून आणलं. "अॅडमिन म्हणून चालवायची म्हनं. आन् ती पासवर्ड विचारनारी चौकट कायमची बंदच करून टाकायची. अँटिव्हायरस बी."

म्हटलं, "त्याच्या घराला कुलूप तरी लावतो का तुमचा कंडक्टर? लोकांचे आधार हायत ह्यात. मी न्हाई करायची."

हे दुसरी भाकरी न घेताच उठले. नका घेऊ.

आठ वाजता फोन. आज रविवार नाही! अज्जू. गेमचंच विचारायला, पण किती वेळ बोलला. "याडी, तू बघ ना. तुलाच जमंल." आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. पुण्याला गेल्यापासून 'आई' म्हणायला लागला होता. गेमसाठी का होईना, याडी निघाली तोंडातून. कान गरम होईपर्यंत फोन धरून बसले.

८ फेब्रु., रविवार

नेटवर वाचून काढलं. सरळ रस्ता असा: गेम सी वरून काढायची, डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची, ह्यांच्या साध्या खात्याला फक्त त्या एका फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्यायची. मग पासवर्ड लागत नाही, बाकी सगळ्याला कुलूप तसंच. तासाभराचं काम.

केलं नाही. म्हटलं आजच्या दिवस अॅडमिन म्हणून चालवू. चौकट आली, पासवर्ड टाकला, गेम सुरू. हेडफोन लावायच्या आधीच आतून अज्जूचा आवाज, "आलात का बापू?"

मी खुर्चीमागे उभी. ट्रक निघेपर्यंत उभीच.

१२ फेब्रु.

आता रोजचं. गेम सुरू करायची म्हणजे चौकट, आणि चौकट म्हणजे मी. "अगं ये, चौकट आली!" अशी हाक चुलीपर्यंत येते. लग्नाला सव्वीस वर्षं होत आली, इतक्या गरजेनं कधी बोलावलं नव्हतं. मी हात पुसत जाते, घाई करत नाही. एखादं अक्षर मुद्दाम चुकवते, म्हणजे परत टाकावं लागतं. तेवढ्यात अज्जू दोन शब्द जास्त बोलतो.

हेडफोनची वायर खराब आहे म्हणून सांगितलं. स्पीकरवर ठेवा. वायरीला काही झालेलं नाही, माझ्या शिलाईच्या डब्यात आहे.

आज नवीनच. स्पीकरमधून पोरीचा आवाज. "काका, आज उशीर?"

कोण काका? कुणाचे काका?

१३ फेब्रु.

विचारलं. तन्वी म्हणे. अज्जूच्या ऑफिसातली. तांड्यात तिसरा ट्रक तिचा.

"चांगली चालवती. रिव्हर्स बी बराबर घेती."

"कधीपासून हाय ही?"

"गनपतीपासून असंल."

गणपतीपासून! तेव्हा शेतात उभी असलेली हळद आता गावात शिजायला लागली, आणि मला आज कळतंय. "मला काहून सांगितलं न्हाई?"

"तू कुठं ट्रक चालवतीस?"

 भांडी जरा जोरात घासली.

१७ फेब्रु.

तन्वीची आई अकोल्याची, वडील नाहीत. तिला मिरचीचा ठेचा आवडतो. हे सगळं ह्यांना माहीत. माझ्या हातचा ठेचा ह्यांनी तिला तोंडानंच इतका खाऊ घातलाय की तिला चवसुद्धा सांगता येईल. हसणं छान आहे पोरीचं. तेच आवडत नाही.

गल्लीतल्या शोभाला आज केंद्रात रागावले, मोबाइलचा पासवर्ड पोराला सांगितला म्हणून. चांगलं लांबलचक रागावले. आणि संध्याकाळी मी काय करते? माझा पासवर्ड टाकला की ती गेम माझ्या नावानं, माझ्या सगळ्या किल्ल्या कमरेला लावून घरात शिरते. उद्या तिच्यात काही खोट निघाली तर लोकांच्या आधारापर्यंत तिला कोण अडवणार? हे मला कळतं. कंडक्टरला कळत नव्हतं, मला कळतं.

सरळ रस्ता केला तर हाक बंद. म्हणून नाही करत. उद्या बघू.

२३ फेब्रु.

चौकट आली, गेले. गेम आधीच चालू, तरी चौकट. ह्यांना काहीतरी वेगळं हवं होतं. स्पीकरवर तन्वी चालूच, "काका, नका टाकू ते. काकूंना आधी बघू द्या नीट."

माझ्या घरात काय टाकायचं, काय नाही, हे हिनं सांगायचं? काकू म्हणे. टाकला पासवर्ड. एकदाही अक्षर चुकवलं नाही.

२४ फेब्रु.

घात झाला.

सकाळी सखाराम मामा विम्याचा अर्ज भरायला बसलेले. ब्राउझर उघडला तर भलतंच पान. बंद केलं, परत तेच. खाली कोपऱ्यात अनोळखी चिन्ह, आपलं आपण चालू झालेलं.  वायफाय तोडलं, मामांना म्हटलं, "मशीन बिघडली, उद्या या." दार लावून घेतलं.

हे दुपारच्या जेवणाला आले तेव्हा कळलं. कुठल्याशा साइटवर ट्रकला लाल एसटी करायची फाइल फुकट मिळत होती. लाल रंग, वर वसमत-हिंगोली पाटीसुद्धा लिहिता येते म्हणे. दिवसभर लाल गाडी, संध्याकाळीही लाल गाडीच हवी ह्यांना! कालची चौकट गेमची नव्हतीच, त्या फाइलची होती. त्यात नाव वेगळं लिहिलेलं. मी वाचलं नाही. माझे कान तन्वीकडे होते.

आणि ती तेच सांगत होती. नका टाकू. काकूंना बघू द्या.

"माझंच चुकलं," हे म्हणाले. ताटावर मान खाली घालून. मी म्हणायला हवं होतं की नाही, माझं. तसं म्हटलं नाही.

२५ फेब्रु.

लॅपटॉप पुसून सगळा नवा केला. कागदांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असते, ती गेल्या शनिवारची, तिला काही झालेलं नाही. पासवर्ड सगळे मोबाइलवरून बदलले. मग ज्यांचे कागद लॅपटॉपमध्ये होते त्यांना एकेक फोन. लाज वाटत होती पण केले. बँकेवर लक्ष ठेवा, ओटीपी कुणी मागितला तर देऊ नका.

सखाराम मामा, "पोरी, आमचं काय न्यायचं कोनी? सोयाबीनच नेऊन राहिले व्यापारी." शोभानं मात्र आधी पोराला घराबाहेर पिटाळलेलं फोनवर ऐकू आलं. मग, "ताई, तुमच्याच मशिनीत आलं व्हय?" व्हय म्हटलं.

अजून तरी कुणाचं काही गेलेलं नाही. गेलं असतं तर.

२८ फेब्रु., शनिवार

सरळ रस्ता केला. ह्यांचं खातं साधं. गेम मूळ कंपनीच्या साइटवरून परत घेतली, डी वर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली, लिहायची परवानगी तेवढ्याच फोल्डरला. फायरवॉल चालू, त्यातून फक्त गेमला वाट. अँटिव्हायरस चालू. माझे कागद माझ्या खात्यात, ह्यांच्या खात्यातून उघडून पाहिले, उघडत नाहीत. गेम उघडली. काळी झाली नाही, चौकट आली नाही. ट्रक डेपोत उभा, इंजिन धडधडतंय.

चांगलं झालं. बोटं मात्र पासवर्ड टाकायला कीबोर्डवर गेलीच होती.

हे खूश. "म्हंजे आता तुला बोलवायची तकलीफच न्हाई?"

"न्हाई."

१ मार्च, रविवार

हाक आली नाही. येणार नव्हतीच, तरी चूल जरा बारीक ठेवली होती. इंजिनाचा आवाज आला म्हणजे गेम सुरू झाली. भाकरी थापत बसले. स्पीकर अजून तसाच, हेडफोन परत द्यायचं धाडस मला झालेलं नाही.

अज्जू: "बापू, याडी न्हाई आली का आज?"

"आता लागत न्हाई ती."

साध्या मनानं बोलले. ह्यांच्या मनात कधी काही नसतं, हीच तर पंचाईत.

 मग अज्जू म्हणाला, "फोनवर लगेच ठेव म्हनती. हितं जरा वेळ उभी तरी ऱ्हायची."

तन्वी म्हणाली, "हो ना. बांगड्या वाजल्या की हा स्वतःच्या गाडीचं इंजिन बंद करायचा." आणि तिघं हसले.

भाकरी करपली.

मी ठेव म्हणते? तोच विचारतो ना, ठेवू का? त्यावर माणूस काय म्हणणार, नको ठेवू? असं कोण म्हणतं. आणि इंजिन बंद करायचा हे मला त्या पोरीकडून कळावं! तिनं बघितलं, मी नाही. रात्रभर तेच डोक्यात राहणार आता.

२ मार्च, सोमवार

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लॅपटॉपवर तिसरं खातं केलं, साधंच. स्वतःसाठी. त्यालाही डी वरच्या त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी दिली. मालकीण मी, कुणाला विचारायचं नव्हतं. गेम उघडली. नाव विचारलं, 'याडी' टाकलं. ट्रक मिळाला, निळा, पुढून जरा चेपलेला वाटतो. 'तांडा' शोधला, सापडला. तीन ट्रक. आत यायचं बटण दाबलं.

तर म्हणे, नायकाची परवानगी लागेल. विनंती पाठवली आहे, वाट बघा.

आता नायक बसलाय हिंगोलीच्या स्टँडवर चहा पीत. संध्याकाळी येईल, खुर्चीत बसेल, तेव्हा त्याच्यासमोर चौकट येईल, 'याडी'ला आत घ्यायचं का. आणि तेव्हा ह्यांनीही माझ्यासारखा हात पुसत पुसत वेळ लावला, किंवा मुद्दाम चुकीचं बटण दाबलं, तर मी काय बोलणार आहे.

घेतलं तरी लॅपटॉप एकच, पाळी लावायची, आणि यादीत नंबर चौथा. तन्वीच्या मागे. पुढे काढता येते का गाडी, ते कुणाला विचारावं? तिलाच विचारावं लागेल, रिव्हर्स बराबर घेते म्हणे.

तासभर डेपोतल्या डेपोत फिरवून पाहिली. भिंतीला दोनदा लागली. ब्रेक कुठे आहे ते अजून सापडलं नाही, हॉर्न सापडलाय.