शाळेचे अकरा सूक्ष्मदर्शक

पिंपरी,
ता. १६ जुलै २०२५

अजिम,
तुला आणि शाहीनला दुआ. इकडे आम्ही दोघं बरे. कॅम्पातल्या दुकानाचा पत्रा यंदा गळत नाही.

शाळेच्या इंदुताईंनी तुझा कागद दाखवला. त्यात तू लिहिलंस, ‘अकराही सूक्ष्मदर्शक भंगारात काढा, नवे माझ्याकडून घ्या.’ आणि वर तोंडी सांगितलंस, ‘भाईंना आता दिसत नाही.’ ज्याच्या हाताखाली शिकलास, त्याच्याबद्दल परक्या बाईपुढं? बाईंनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. चालले तर राहतील, नाहीतर शाळेचं काम तुझं.

तर ऐक. नळी आपोआप खाली घसरते म्हणून तू ‘गिअर गेला’ लिहिलंस. गिअर शाबूत आहे. मोठ्या स्क्रूचा ताण सैल होता, आवळला, थांबली. अंधूक दिसतं म्हणालास. सगळ्यांचे आरसे खोलगट बाजूने होते! वर कंडेन्सर असताना आरसा सपाट हवा, प्रकाश गोळा करायचं काम कंडेन्सरचं. हे तुला मीच शिकवलं होतं.

ताथवड्याच्या कॉलेजात माझी चूक झाली, हे मात्र तू बाईंना खरं सांगितलंस. तिथं चाळीसपट दाखवणाऱ्या भिंगात बुरशी होती आणि मी ‘ठीक’ लिहून सही केली. मला ती दिसलीच नाही. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची.

म्हणून हत्यारं खाली ठेवू? आता तुझी भाभी डोळा लावते आणि मी वरचं भिंग फिरवतो. डाग फिरला, तर घाण त्याच भिंगात. काचपट्टीबरोबर सरकला, तर पट्टीवर. दोन्ही नाही आणि नुसतं धुरकट, तर खालच्या भिंगात. काल मी एक भिंग पुसतच बसलो होतो. ती म्हणाली, “कितीदा पुसाल? आतून आहे ते, जाळ्यासारखं.” बुरशीच ती. तसे दोन सूक्ष्मदर्शक निघाले. त्या दोन्हींवर मी माझ्या हाताने ‘बाद’ लिहिलं. बाकी नऊ चालतात.

शुक्रवारी अकराला शाळेत ये. तुझा नवा आण, माझ्या नऊपैकी तुला हवा तो शेजारी ठेव, आणि कांद्याच्या पापुद्र्याची एकच काचपट्टी दोन्हींखाली सरकव. बघू दे बाईंना. माझ्या कागदावर दोन नावं असतील. तपासणी ताहेरा, दुरुस्ती नूरमोहम्मद.

हे अक्षर कुणाचं, ते तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. मोतीबिंदूचं वाक्य गाळूया, असं ताहेरा म्हणत होती. मी म्हटलं, लिही.

खालची सही मात्र माझ्या हातची.

तुझा थोरला भाई,
नूरमोहम्मद