फाटकापासून पोर्चपर्यंत

५ जानेवारी, रविवार
नवी डायरी. संकल्प एकच : फाटकापासून पोर्चपर्यंतच्या डांबरी पट्ट्यातला खड्डा संक्रांतीच्या आत बुजवणे. स्वतःच्या हाताने. बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं काढली आहेत. टेबलावर काढली, पण फायली रस्त्यांच्याच होत्या.
भाऊबीजेला ज्ञानेशच्या गाडीचं पोट या खड्ड्यात घासलं. तेव्हापासून पोरगा आला नाही. पाथर्डी फाट्याला राहतो, वीस मिनिटांवर. नव्या गाडीला माणूस जपणारच.

७ जानेवारी
तयार डांबरी मिक्सची गोणी आणली. दुकानदार म्हणाला, आधी कडा छिन्नीने सरळ तोडा, माती झाडा, मग भरा. मला शिकवतो!
चतुरा म्हणाली, अहो, खड्डा राहू द्या, सूनबाईला एक फोन करा. बायकांना इंजिनिअरिंग कळत नाही.

९ जानेवारी, सकाळी ७
पारा आठवर. गोणीतला माल दगड झालाय. शेजारचे वाल्मीक भिंतीवरून म्हणाले, गच्चीवर उन्हात टाका, मऊ होईल. मला माहीत होतंच. गोणी वर नेताना कंबरेत उसण भरली. विश्रांती.

११ जानेवारी, शनिवार
खड्डा भरला. कडा तोडल्या नाहीत, गरज वाटली नाही. ठोकायला धुम्मस नव्हतं, चतुराचा वरवंटा घेतला. त्याचं डांबर निघत नाहीये.
ज्ञानेशला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. मीटिंग असेल. हल्ली शनिवारीही असतात.

१४ जानेवारी, संक्रांत
कोणी आलं नाही. माझ्या स्कूटरचं स्टँड मात्र नव्या डांबरात दोन इंच रुतलं.
भाऊबीजेचं एकदा लिहूनच टाकतो. पंगतीत मी सूनबाईला, शुभांगीला, इतकंच म्हणालो, की तुझ्या नोकरीपायी माझा नातू रुद्र मोलकरणीच्या हाती वाढतोय. घरातलं मोठं माणूस बोलणारच. ती ताटावरून उठली. ज्ञानेशने रागात गाडी मागे घेतली, म्हणून घासली. म्हणजे मूळ कारण खड्डाच.

१९ जानेवारी
टाकी भरून वाहिली. पाणी खड्ड्यात साचलं, सगळा माल सुटला. खड्डा आधीपेक्षा मोठा. घरभर काळी पावलं, माझीच.
चतुरा रॉकेलच्या फडक्याने फरशी पुसत होती. मधेच थांबली. म्हणाली, रुद्रला आता साडेतीन वर्षं झाली, माझा आवाज ओळखेल ना? मी म्हणालो, आठवड्याभरात काम पूर्ण होईल.

२५ जानेवारी
कडा तोडल्या. माती झाडली. थोडं थोडं भरत ठोकलं. धुम्मस वाल्मीकांचं, ठोकलंही बरंचसं त्यांनीच, देखरेख माझी. त्यांनी विचारलं, एवढं कोण येणार आहे? मुलगा, म्हणालो. ते जरा जास्तच जोरात ठोकायला लागले.

२ फेब्रुवारी, रविवार
ज्ञानेश आला. मी फाटक सताड उघडून उभा, आणि त्याने गाडी रस्त्यावरच लावली. आत घे, म्हटलं, खड्डा बुजवलाय. कसला खड्डा, म्हणाला. तुझी गाडी घासली होती ना? त्याला आठवेना. नाटक नव्हतं, मी त्याचं तोंड पाहिलं.
आईला न्यायला आला होता, महिनाभर. चतुराची बॅग भरलेली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही आलो असतो, म्हणालो. तो बुटांकडे बघत म्हणाला, "बाबा, आधी शुभांगीशी बोला."
चतुरा नव्या डांबरावरून चालत गेली. फाटकाशी वळून म्हणाली, भाजी फ्रीजमध्ये आहे.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
शुभांगीला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. चार वाक्यं. 'चुकलो' हा शब्द दुसऱ्या वाक्यात.
तिने हॅलो म्हटलं. मी म्हणालो, खड्डा बुजवला.
ती म्हणाली, बरं केलंत.
मागे रुद्र कशाला तरी हसत होता. आजीलाच असेल.
तिने विचारलं, काही खाल्लंत का?
मी हो म्हणालो. खाल्लं नव्हतं.