गोळीला साजूक तूप

मेडनहेड
२० मे २००७

तीर्थरूप अण्णांस,

दूरदेशीच्या जावयाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? आई फोनवर सांगत होत्या की जिना उतरताना तुम्ही मध्येच थांबता आणि कुरकुर डाव्यातून येते की उजव्यातून, याचा कानोसा घेता. भोसरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने आवाजावरून बेअरिंगचा रोग सांगावा हे ठीक. पण (क्षमा असावी) गुडघा उघडून बघता येत नाही, तेव्हा डॉक्टरांकडे जावं. इकडे आम्ही खुशाल. अधिक महिना लागला, वाण काय पाठवू, असंही आईंनी विचारलं आणि मी दरवेळेप्रमाणे शहाण्या जावयासारखा 'काही नको' म्हणालो.

आता मुद्दा, म्हणजे तुमची कन्या. देवयानी दिवसभर ऑफिसात लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते आणि संध्याकाळी तीच नजर घेऊन घरी येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागे तिने इथल्या रायफल क्लबात नाव घातलं. मला वाटलं, योगाच्या क्लाससारखं असेल, पावसाळी हवा लागली की सुटेल. तसं झालं नाही. पोलीस खात्याचा माणूस घर बघून गेला (दोनदा चिवडा घेतला), भिंतीत लोखंडी कपाट बसलं आणि त्यात एक जुनी लष्करी रायफल आली. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात हे मला सांगायचं नाही असा नियम आहे; बायकोने मला काही न सांगण्याला कायद्याचा आधार मिळाला तो प्रथमच. पण अण्णा, काय नेम आहे हो तिचा. क्लबातली मंडळी कशालाही 'नॉट बॅड'च्या पुढे जात नाहीत. देवयानीचं टार्गेट बघून हीच मंडळी 'नॉट बॅड ॲट ऑल' म्हणाली. याच्यावरचा शब्द इंग्रजीत असल्याचं मला तरी माहीत नाही.

तर या क्लबात जुलैमध्ये एक मॅच असते, आणि त्या मॅचला गोळ्या घरी ओतलेल्या शिशाच्याच लागतात. शिसं मऊ. नळीतून सुसाट जाताना ते आतून फासलं जातं, म्हणून गोळीच्या अंगावर गोल खाचा असतात आणि त्यांत वंगण भरायचं असतं. क्लबाची पाककृती अशी: मधमाशीचं मेण आणि गुराची चरबी. मी म्हटलं, काडतुसाची चरबी या विषयावर आपलं आणि इंग्रजांचं पूर्वी एकदा बोलणं झालेलं आहे, त्याला यंदाच दीडशे वर्षं झाली, पुन्हा नको. देवयानी हसली नाही, पण चरबीच्या जागी तिने साजूक तूप घातलं. आईंचंच, मार्चमध्ये आलेलं. बोटाने वंगण फासून तिने ओळीने गोळ्या झाडल्या तेव्हा सगळ्या रेंजवर लोणी कढवल्याचा वास पसरला आणि रॉन नावाच्या वयस्क सभासदाने जेवणाचा डबा सकाळीच उघडून संपवला.

वंगण जमलं, पण ते खाचांत नीट भरणार कसं? आधी तिने गोळ्या ताटात उभ्या केल्या, भोवती पातळ वंगण ओतलं आणि थिजल्यावर वड्या पाडतात तशा एकेक कापून काढल्या. गोळ्या निघाल्या, वंगण बरंचसं ताटातच राहिलं. मग तिच्या डोक्यात आलं की हे दाबून भरायला हवं. आणि दाबून काही करण्याचं आमच्या घरात एकच यंत्र आहे, ते म्हणजे आईंनी दिलेला पितळी सोऱ्या. (हा परिच्छेद आईंना वाचून दाखवू नये. सोऱ्या सुखरूप आहे, सोड्याने धुतला आहे.) वंगण खाचा सोडून सर्वत्र गेलं. ओट्यावर पडलेली एक पिवळसर शेव मी उचलून तोंडात टाकली. देवयानीने आधी विचारलं, "कुठली उचललीस?" आणि मग, "किती?" मीठ कमी होतं, एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा तिने खरं हत्यार करायला घेतलं. कुठल्याशा शाळेने वर्कशॉप मोडीत काढलं होतं, तिथून छोटं लेथ आणलं; ते गॅरेजमध्ये आलं आणि माझी गाडी रस्त्यावर गेली. अण्णा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, तुम्ही ते बघायला हवं होतं. गोळी ज्यातून दाबायची तो पोलादी डाय, त्याला बाजूने वंगणाची बारीक भोकं, वंगणाच्या नळकांड्यात दट्ट्या, दट्ट्यावर दाब द्यायला स्क्रू. दट्ट्या इतका नेमका बसलाय की नळकांड्यात वरून सोडला तर आतल्या हवेवर तरंगत सावकाश खाली जातो. हे सगळं तिने ऑफिस सांभाळून, कुणाला न विचारता केलं. मी त्या वेळात खुर्चीत बसून जगाला नावं ठेवली (तोही छंदच आहे, त्याला कपाट लागत नाही).

अडलंय फक्त डायच्या मधल्या भोकाशी. ड्रिलने पाडलेलं भोक किंचित लंबगोल येतं, आणि गोळी त्यातून दाबली की एका अंगाने शिसं खरवडून निघतं. मग देवयानी डाय उजेडाकडे धरते, आत बोट फिरवते आणि 'च्च' करते. हा 'च्च' मी ओळखतो. आईंनी हौसेने आणलेल्या मिक्सरच्या झाकणावरून बोट फिरवून तुम्ही केला होतात, तोच. डाय डब्यात जातो आणि नवा गज लेथवर चढतो.

रॉनने आपलं विकतचं यंत्र देऊ केलं. "टेक माइन, लव्ह." ती "नो, थँक यू" म्हणाली आणि त्यानंतर घरात इतकी गोड वागली की मी घाबरून न सांगता भांडी घासली. हत्यार स्वतःचं झालं तरच मॅचला नाव द्यायचं, नाहीतर नाही, असं तिने ठरवून टाकलंय. मी म्हटलं, "अण्णांना विचार ना." तर म्हणाली, "काय विचारू? म्हणतील, बोट जाईल." तुम्ही मुलगा म्हणून शशीला हातात कानस देऊन बसवत होतात, तो बँकेत चिकटला. ही दारात उभी राहून बघायची, हिला अभ्यासाला पिटाळलंत. तुमचं चुकलं असं जावयाने म्हणायचं नसतं, म्हणून म्हणत नाही.

आईंना नमस्कार. गुडघ्यांसाठी वंगण हवं असल्यास कळवावे, इकडे मुबलक आहे.

तुमचा,
सतीश

ता. क. — 'काही नको' म्हणालो ते मागे घेतो. चांदीची वाटी नको, तांब्याचं ताम्हन नको. तुमची सागवानी पेटी आहे ना, जिला देवयानीला वर्षातून एकदाच, खंडेनवमीला हळदकुंकू लावण्यापुरता हात लावू देत होतात, तिच्यातला तीन सुती रीमर मला वाण म्हणून पाठवा. (भोक नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत करणारं हत्यार म्हणजे रीमर आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला तुमच्याच घरी कळलं.) मला लेथ सुरूसुद्धा करता येत नाही, हे खरं. पण जावयाने चांदीच्या वाटीचं पुढे काय केलं, असं कोणी विचारतं का? देवयानीला यातलं काहीही माहीत नाही.

ता. क. २ — अनारसे तरीही यावेत. रीमरशेजारी बांधू नयेत, मशीनच्या तेलाचा वास लागतो.

ता. क. ३ — पत्र पाकिटात घालायचं राहिलं आणि कालचा दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होतं. आज बघतो तर वरचं 'तीन सुती' पेन्सिलीने खोडून तिथे 'अडीच सुती' लिहिलेलं आहे. बाकी कशालाही हात लावलेला नाही, 'माहीत नाही' या वाक्यालाही नाही. तसंच पाठवतो आहे. अक्षर तुम्ही ओळखालच.