वरच्या खोलीचं कुलूप

रविवार, ४ फेब्रुवारी
संध्याकाळ

प्रिय धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि चिमणीला ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आईचं ब्लडप्रेशर ठीक आहे, माझ्या टेबलावर तपासायच्या पेपरांचे ढीग पडलेत, आणि तुझे भावोजी नेहमीप्रमाणे चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधतायत. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणतोस आणि मी हवापाण्यावर येते. कागदावर तसं पळता येत नाही.

"सगळे बरे आहेत" हे आत्ता परत वाचलं. ते पुरतं खरं नाही. मंगळवारी आई जिन्यावरून पडता पडता वाचली. अंधारात पायरी चुकली, कठडा हाती लागला, मनगट मुरगळण्यावर निभावलं. "त्याला कळवू नकोस, उगाच जिवाला घोर लावून घेईल," म्हणाली. पण आपल्या घरात असा नियम कधी नव्हता. बाबा म्हणायचे, लागलेलं सगळ्यांना दिसतं. थोडक्यात टळलेलं सांगावं लागतं.

जिन्यात अंधार का, हे तुला माहीत नसणार. बाबा गेले तेव्हा तू चार दिवस होतास, पण त्या चार दिवसांत कोण कशाकडे बघत होतं?

त्यांची कारखान्यातली पद्धत तू ऐकत ऐकतच मोठा झालास. यंत्रात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं लाल कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे आपला हात आत असताना दुसरं कुणी यंत्र चालू करणार नाही. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दुसरी किल्ली ते पहिल्याच दिवशी मोडून टाकायला लावत. घरीही तेच. बल्ब बदलायचा असला की स्विचला कुलूप, आणि आईचं ठरलेलं वाक्य, "एका बल्बापायी अख्खं घर कोठडीत."

तर, तुम्ही तिघं कायमचे राहायला येणार म्हणून वरच्या खोलीचं वायरिंग बदलायला त्यांनी घेतलं होतं, तेव्हा त्या भागाच्या स्विचला त्यांनी लाल कुलूप घातलं. जिन्याचा दिवाही त्याच स्विचवर आहे. काम अर्धं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. किल्ली ज्या शर्टात होती तो शर्ट हॉस्पिटलमधून परत आलाच नाही.

दुसऱ्या कुठल्या घराने ते कुलूप आठवड्याभरात कापलं असतं. आपण पडलो बाबांच्या हाताखाली वाढलेली माणसं. आई आठवड्यातून एकदा ते फडक्याने पुसते. मी दर रविवारी येते, त्याच्याकडे बघते आणि बॅटरी लावून वर जाते. आपण त्यांचा मान राखतोय की नुसते घाबरतोय, हे मी डायरीत कितीदा लिहिलं असेल. उत्तर आलं नाही. मंगळवारनंतर मात्र मला उत्तराची वाट बघणं परवडेना.

म्हणून आज मिस्त्रीकाकांना बोलावलं. बाबांच्या कारखान्यातले फिटर, ते भोंग्यासारख्या आवाजाचे. खांद्यावर कुलूप कापायची हातभर लांब कातर घेऊन आले. आई स्विचच्या डब्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्यांचं कुलूप आहे ते," ती म्हणाली.

"वहिनी, साहेबांना तुम्ही कधी घाबरला नाहीत. त्यांच्या कुलपाला कशाला घाबरता?"

"त्यांच्याशी भांडता येत होतं."

यावर काका हसले आणि खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. मेहुणीच्या लग्नाच्या गडबडीत एकदा ते आपलं कुलूप यंत्रावर तसंच ठेवून गावाला निघून गेले. इकडे यंत्र बंद. मॅनेजर लाल झालेला, म्हणतो, कापा ते, माणूस लग्नात जेवतोय. बाबा म्हणाले, "तो जेवतोय असं तुम्हाला वाटतं. मला तो आत नाही याची खात्री हवी." यंत्राच्या पोटात स्वतः वाकून बघितलं. फोन लावला, कुणी उचलेना. मग गाडी पाठवली, आणि काका अत्तर लावून, नव्या कपड्यांत, भर मांडवातून येऊन कुलूप काढून गेले. मॅनेजरने बाबांशी महिनाभर अबोला धरला.

"आणि तुम्हाला काय बोलले हो?" मी विचारलं.

"मला? म्हणाले, जेवण झालं होतं का रे?"

आई हसली. मग काकांना म्हणाली, "माणूस येऊच शकत नसेल तर काय करत होते?"

काकांचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "त्याचीही रीत आहे, वहिनी. आधी सगळीकडे बघायचं, माणूस आवारात नाही ना. मग त्याला गाठायचा प्रयत्न करायचा. मग दोघांनी मिळून कापायचं, एकट्याने नाही. आणि तो परत कामावर येईल त्याच्या आधी त्याला गाठून सांगायचं, बाबा रे, तुझं कुलूप कापलंय."

आई आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. पण दारं उघडल्याचे आवाज येऊ लागले. स्वयंपाकघर, मागची खोली, न्हाणीघर. मग माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि कठड्याला धरून वर गेली. मी मागे जायला उठले तर काकांनी मला हातानेच थांबवलं. वर तुझ्या खोलीत ती बराच वेळ होती. खाली आली तेव्हा पदराला चुना लागला होता.

"नाहीत," ती म्हणाली.

धाकट्या, तिने हे इतके महिने एकदाही म्हटलं नव्हतं. "ते असते तर" म्हणायची, "त्यांना आवडत नाही" म्हणायची. आज म्हणाली, नाहीत.

काकांनी कातर उचलली तर म्हणाली, "थांबा. दोघं लागतात ना? ज्याच्या खोलीचं काम चाललं होतं तो येऊ दे. तो आणि त्याची ताई कापतील."

"आणि साहेबांना सांगायचं कुणी?" काकांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते ओशाळले.

"ते माझ्याकडे लागलं," आई म्हणाली. "मीच भेटणार आहे त्यांना आधी. पण घाई नाही. नातीला शाळेत घालायचंय."

काका कातर ठेवून गेले. जाताना जिन्यात बॅटरीवर चालणारा दिवा लावून गेले, त्यामुळे तू येईपर्यंत आईची काळजी नको.

आता जे लिहायला बसले होते ते. तू मागे एकदा फोनवर म्हणालास, "माझ्यासाठीच चढले ना ते शिडीवर," आणि मी तुला इकडे ऊन किती वाढलंय ते सांगितलं. मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून. आता आहे. शुक्रवारी मी डॉक्टरांकडे जाऊन सरळ विचारलं, आणि खोटा दिलासा नको म्हणून दुसऱ्यांदा विचारलं. बाबांचं हृदय दोन वर्षं थकलेलं होतं. त्यांना सांगितलेलं होतं. कारखान्यातल्या प्रत्येकाला तपासणीला पाठवणारा माणूस स्वतःच्या बाबतीत "बघू" म्हणाला. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत बसून राहिले असते तरी हे व्हायचंच होतं. शिडी चढून ते दमले नसतील असं मी म्हणणार नाही, दमले असतील. पण तुझी खोली त्यांच्या जिवावर उठली नाही.

तिथे त्यांनी काय केलंय ते तू बघितलेलंच नाहीस. चिमणीचा हात टाचा उंचावून कुठवर पोचतो, हे त्यांनी तुला फोनवर विचारलं होतं, आठवतं? तिथे भिंतीवर पेन्सिलची रेघ आहे. सगळे प्लग त्या रेघेच्या वीतभर वर घेतलेत. आईने विचारलं, वीतभर कशाला, तर म्हणाले, "पोरं वाढतात." भिंतीला खाचा आहेत, चुना सांडलाय, वायरी लोंबतायत. उरलेलं काम मिस्त्रीकाका करून देणार आहेत. मरणाची खोली अशी नसते रे. ती कुणीतरी येणार म्हणून उकरून ठेवलेली खोली आहे.

तुला ओढून आणण्यासाठी मी आईचं मनगट वापरतेय का, असं मनात येतं. थोडंफार वापरतेय. पण ते मुरगळलंय हेही खरं आहे. तिघं या. चिमणीचा हात कुठवर पोचतो ते पुन्हा मोजून घे म्हणजे झालं. ती रेघ आता जुनी झाली असणार. कातर आईच्या कपाटामागे उभी करून ठेवली आहे.

एकटीने कापणार नाही,

तुझी
ताई